सहा ट्यूब आहेत म्हणून सहा आकड्यांचं घड्याळ करू नका

प्रश्न बराच लांब आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्याने युक्रेनमधल्या विक्रेत्याकडून आयएन-१२ जातीच्या सहा निक्सी ट्यूब, म्हणजे आत केशरी आकडे चमकणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्या, मागवल्या. पार्सल नीट आलं, कॉलेजातून सप्लाय आणून एक ट्यूब पेटवली तर ५ चा आकडा म्हणजे चक्क उलटा केलेला २ निघाला, तर आपल्याला फसवलं का? दुसरं, नेटवरच्या प्रत्येक सर्किटमधे कुठला आकडा पेटवायचा ते सांभाळणारी जी ड्रायव्हर आयसी असते ती इथे कुठेच मिळेना. तिसरं, ट्यूबला १८० व्होल्ट लागतात हे ऐकून घरचे बिथरलेत. आणि शेवटी, तास-मिनिट-सेकंद असं सहा आकडी घड्याळ करायचंय, तर बाकीचे पार्ट पुण्यात मिळतील का आणि कुठे.

फसवलं नाहीये. उलट ५ तसा आहे म्हणजे माल अस्सल आहे. आयएन-१२ आणि आयएन-१४ या दोन्हीत ५ हा कारखान्यातूनच उलटा २ असतो, एक साचा वाचवला असं सगळे सांगतात. पहिल्यांदा बघितलं की डोळ्यात खुपतं, आठवड्याने विसरायला होतं. माझ्याकडे आलेल्या दहा माणसांतल्या नऊ जणांच्या ते लक्षातही येत नाही आणि दहावा नेमका सुलेखन शिकवणारा निघतो. आणि अंगावर छापलेलं उलटा एन आणि एच असं दिसतं त्यानेही घाबरू नका, रशियन लिपीत तेच आयएन. शेवटी ए असेल तर साधी ट्यूब, आणि ६ सारखं दिसणारं अक्षर असेल तर ती बी, म्हणजे दशांशचिन्ह असलेली. घड्याळाला दोन्ही चालतात.

घरच्यांना समजवायचं असेल तर इलेक्ट्रिशियनचा टेस्टर दाखवा. त्याच्या मुठीत जो केशरी दिवा लागतो ना, तेच हे. आत निऑन वायू, दोन धातूचे तुकडे, पुरेसं व्होल्टेज दिलं की जो तुकडा निगेटिव्हला जोडलाय त्याच्या अंगाभोवती वायू चमकतो. निक्सीत फरक एवढाच की निगेटिव्हचे तुकडे दहा आहेत, ० ते ९ अशा आकारात वाकवलेले, एकामागे एक उभे केलेले, आणि पुढे पॉझिटिव्हची बारीक जाळी. ज्या आकड्याची तार जमिनीला, म्हणजे सप्लायच्या निगेटिव्हला, टेकवाल तो पेटतो. यात तापणारी तार नाही, म्हणून ट्यूब हाताला जेमतेम कोमट लागते. आकडे वेगवेगळ्या खोलीवर असल्याने वेळ बदलताना आकडा पुढेमागे सरकल्यासारखा वाटतो आणि सगळी जादू त्यात आहे. आजकाल रंग बदलणारी निक्सी म्हणून जे विकतात ते अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्यांना खालून एलईडी मारलेलं असतं, त्यात सगळं आहे पण हे नाही.

आता मुद्द्याचं, जे शीर्षकात लिहिलंय. अमेरिकेत बरोज कंपनीने १९५५ मधे या ट्यूब बाजारात आणल्या आणि सत्तरच्या दशकात एलईडी आल्यावर तिकडे त्या झपाट्याने संपल्या. सोव्हिएत कारखाने मात्र पुढे ऐंशीच्या दशकातही बनवत राहिले, म्हणूनच आज आपण ज्या घेतो त्यातल्या बहुतेक गोदामात पडून राहिलेल्या सोव्हिएत ट्यूब आहेत. नवीन कोणी बनवत नाही असं नाही, चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी नावाचा माणूस आरझेड५६८एम ही मोठी ट्यूब हाताने बनवतो, काम बघत राहावं असं आहे, पण ती आपल्या खिशाची गोष्ट नाही. आयएन-१२ मात्र आता कोणीच बनवत नाही. म्हणजे तुमच्याकडच्या सहा या मोजक्या साठ्यातल्या सहा आहेत. रेझिस्टन्स जळला तर दोन रुपयांचा दुसरा येईल, ट्यूब गेली तर पुन्हा ऑर्डर, पुन्हा महिनाभर वाट, पुन्हा कस्टम. आणि पुढच्या वेळची ट्यूब वेगळ्या वर्षाची निघाली की तिचा रंग बाकीच्यांशी जुळेलच असं नाही. म्हणून चार आकड्यांचं घड्याळ करा, तास आणि मिनिटं, आणि दोन ट्यूब कापसात गुंडाळून डब्यात ठेवा. सेकंद पळताना छान दिसतात हे मान्य, मीसुद्धा पहिलं घड्याळ सहाचंच केलं होतं, आणि दोन वर्षांनी एक ट्यूब साफ करताना माझ्याच हातून पडली तेव्हापासून ते पाच ट्यूब आणि एक भोक असं कपाटावर आहे.

काहीही बांधायच्या आधी सहाच्या सहा ट्यूब तपासा. विक्रेत्याकडे तक्रार करायची मुदत असते, ती घड्याळ पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. काचेवर आतल्या बाजूने आरशासारखी काळपट झाक असेल तर ट्यूब भरपूर चाललेली आहे. पिनांवर जुनं सोल्डर असेल तर ती कुठल्यातरी यंत्रातून काढलेली, नवी म्हणून विकली असेल तर भांडा. काचेला जिथे सील केलंय ते टोक भिंगाने बघा, तिथे केसाएवढी चीर असली तरी ट्यूब मेलेली. मग १८० व्होल्ट सप्लाय, मधे २२ के (म्हणजे २२ हजार ओहम) चा रेझिस्टन्स, आणि एकेक आकडा पेटवा. रेझिस्टन्सशिवाय कधीही नाही, एकदा पेटली की ट्यूब स्वतःहून करंट थांबवत नाही, ओढेल तेवढा ओढते आणि जाते.

पेटल्यावर काय बघायचं ते नीट सांगतो. आकडा पूर्ण उजळला पाहिजे, ८ ची कंबर, ३ चं टोक, सगळं. एखादा तुकडा काळा राहत असेल तर तो आकडा बराच काळ न वापरल्याने मळलाय, यावर उपाय आहे, खाली सांगतो. कडेला किंचित निळसर छटा दिसली तर तो दोष नाही, बऱ्याच ट्यूबमधे आयुष्य वाढवायला थोडासा पारा घातलेला असतो त्याची ती झाक. पण सगळी ट्यूबच जांभळट-पांढरी दिसायला लागली, किंवा काही केल्या पेटेचना, तर आत हवा शिरलीय आणि त्यावर काही इलाज नाही. आणि पाऱ्यावरून आठवलं, ट्यूब फुटली तर खिडक्या उघडा, काचा हाताने गोळा करू नका, केरसुणी फिरवू नका, ओल्या कागदाने टिपून पिशवी बांधून टाका.

मागवण्याबद्दल, पुढच्या वेळेसाठी. २०२२ च्या युद्धानंतर रशियातून मागवणं जवळपास बंद झालं, पैसे पाठवणंच अडचणीचं आहे. युक्रेनमधले विक्रेते मात्र अजूनही पाठवतात आणि माझा अनुभव तरी असा की पॅकिंग करावं तर त्यांनीच. अलीएक्सप्रेस इथे नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आधी जे ड्रायव्हर आयसी आणि सॉकेट तिथून शंभर-दोनशेत यायचे तो रस्ता गेला. हिशोब करताना मी ट्यूबची किंमत अधिक टपाल याच्या दीडपट धरतो, कस्टम आणि वर हाताळणीचे पैसे यात काय निघेल ते पार्सल दारात येईपर्यंत कळत नाही. आयएन-१८ च्या नादाला सध्या लागू नका. दिसायला राजेशाही आहे, ४० मिलीमीटरचा आकडा, पण तिच्या एका ट्यूबच्या पैशात आयएन-१२ चा अख्खा संच येतो आणि पहिल्या घड्याळात चुका होणारच आहेत, त्या स्वस्त ट्यूबवर करा. एक गोष्ट मागवताना बहुतेक जण विसरतात ती म्हणजे सॉकेट. आयएन-१२ चं सॉकेट पीएल३१ए-पी, ते ट्यूबबरोबरच मागवायचं. नसेल मागवलं तर जुन्या कनेक्टरमधल्या पितळी चिमट्या काढून एकेक बोर्डावर लावता येतात, कंटाळवाणं आहे पण होतं. काहीही झालं तरी आयएन-१२ च्या पिनांना थेट सोल्डर करू नका, उष्णता पिनेतून काचेत जाते आणि काच तडकते. तडकलेली लगेच कळतही नाही, आठ दिवसांनी जांभळी होते तेव्हा कळतं.

(ज्यांनी आयएन-१४ घेतल्यात त्यांच्यासाठी, तिला पिना नसून तेरा मऊ तारा असतात, आणि तेरा तारा एकाच वेळी तेरा भोकांत घालणं म्हणजे पावसात वारा असताना सुईत दोरा ओवणं. तारा जिन्यासारख्या उतरत्या लांबीच्या कापा, सगळ्यात लांब तार आधी घाला, मग पुढची, एकेक करून पाच मिनिटांत बसते. हे मला कोणी सांगितलं असतं तर माझा एक अख्खा रविवार वाचला असता.)

ड्रायव्हर. तुम्ही शोधताय ती ७४१४१, किंवा तिचा सोव्हिएत अवतार के१५५आयडी१. दोन्ही आता बनत नाहीत, इथल्या दुकानात मागितली तर पोरगं वर बघतं आणि म्हणतं ७४४७ चालेल का. नाही चालणार, ती सात पट्ट्यांच्या एलईडी आकड्यांसाठीची आहे. दुसरा सल्ला मिळेल यूएलएन२००३ लावा म्हणून, कारण ती कुठेही मिळते. ती ५० व्होल्टची आयसी आहे, आणि निक्सीत न पेटलेल्या आकड्याची तार नुसती तरंगत असते आणि त्याहून बरीच वर चढते, मग बाकीचे आकडे मागून भुतासारखे अंधुक दिसायला लागतात आणि कधीतरी आयसीही जाते. काहींची वर्षानुवर्षं चाललीय, मला माहितीये, पण मी सांगणार नाही.

सरळ मार्ग म्हणजे एमपीएसए४२ ट्रान्झिस्टर, ३०० व्होल्टचा, एका आकड्याला एक. घाबरू नका, चार ट्यूबला चाळीस लागत नाहीत. २४ तासांचं घड्याळ असेल तर पहिल्या ट्यूबवर फक्त ०, १, २ येणार म्हणजे तीन, दुसरीवर दहा, तिसरीवर ० ते ५ म्हणजे सहा, चौथीवर दहा. एकूण २९. त्यांच्या मागे सीडी४०२८, ही आयसी अजूनही सहज मिळते, चार तारा आत घेते आणि दहातली एक बाहेर उंच करते, तिच्या आणि ट्रान्झिस्टरच्या बेसमधे १५ के. वर गंमत म्हणजे ९ च्या पुढचा आकडा दिला की ४०२८ सगळं बंद करते, म्हणजे रात्री घड्याळ विझवायची सोय फुकटात झाली. ४०२८ ला आकडे पुरवायला ७४एचसी५९५ च्या दोन, या आयसी दोन-तीन तारांवरून आलेले आकडे आठ तारांवर मांडतात, आणि त्यांच्या मागे प्रोग्रॅम चालवायला अर्डुइनो नॅनोचा छोटा बोर्ड किंवा जे हाताशी असेल ते. मल्टिप्लेक्सिंग करून, म्हणजे तेच ट्रान्झिस्टर सगळ्या ट्यूबना आळीपाळीने वापरून, ट्रान्झिस्टर वाचवता येतात पण पहिल्या घड्याळात ते नको, पॉझिटिव्ह बाजूलाही हाय व्होल्टेज स्विच करावं लागतं आणि एक आकडा विझायच्या आत दुसरा पेटला की सावल्या दिसतात. प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र वायर, स्वतंत्र रेझिस्टन्स, बिघाड झाला तर कुठे झाला ते लगेच सापडतं.

रेझिस्टन्स किती ते पाठ करू नका, काढायला शिका. आयएन-१२ पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात, पेटली की तिच्यावर १४० च्या आसपास राहतात. सप्लाय १८० चा, उरले ४०. तिला हवेत अडीच मिलिअँप, ४० भागिले अडीच म्हणजे १६ के. बाजारात १५ के मिळतो, तो लावा. पाव वॉटचा पुरतो. आकडा टोकापर्यंत उजळत नसेल तर थोडा कमी, आकड्याच्या मागच्या तारांवरही चमक पसरत असेल तर थोडा जास्त.

सप्लायबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो कारण ही चूक प्रत्येक जण करतो. १२ व्होल्टवरून १८० करायचं सर्किट साधं आहे, एमसी३४०६३ आयसी, आयआरएफ७४० मॉसफेट, १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, एक डायोड, एक कपॅसिटर. मी सगळं आणलं, कॉइल मागितली तर दुकानदाराने रेझिस्टन्ससारखी दिसणारी हिरवी बारीक दिली, १०० मायक्रोहेन्रीच होती, मीटरवर मोजली. डायोड घरात पडलेला १एन४००७ लावला, तोही १००० व्होल्टचा, म्हटलं अजून काय हवं. चालू केलं तर १३० व्होल्टच्या वर काही जाईना, ट्यूब पेटेनात, आणि मी दोन दिवस ट्यूबना शिव्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी कॉइलवर बोट टेकवलं आणि भाजलं. ती बारीक कॉइल जेमतेम काही शे मिलिअँप सोसते आणि इथे क्षणभरासाठी दीड-दोन अँप जातात, गाभा भरून जातो आणि ती कॉइल न राहता नुसती तार होते. आणि १एन४००७ हा घरगुती ५० हर्ट्झसाठीचा संथ डायोड, हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या सर्किटमधे तो बंद व्हायच्या आत पुढची लाट येते, मग तापतो. जाड तारेची, निदान दोन-तीन अँप सोसणारी कॉइल आणली, डायोड यूएफ४००७ लावला, पहिल्या फटक्यात १८५. व्होल्टेज ठरवायला वर १ मेग (दहा लाख ओहम) आणि खाली ६.८ के चा रेझिस्टन्स, आयसी आपल्या पायावर सव्वा व्होल्ट राखते म्हणून हिशोब १८५ च्या आसपास येतो.

मॉसफेटचंही एक सांगून ठेवतो. एका दुकानातून आणलेल्या आयआरएफ७४० पैकी तीन ओळीने गेले, चौथ्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर वरचा नंबर पुसला गेला आणि खाली दुसराच. तेव्हापासून मॉसफेट आणि एमसी३४०६३ मी अधिकृत वितरकाकडूनच घेतो, माउझर किंवा डिजीकी वगैरे, टपालखर्च जीवावर येतो म्हणून चार मित्रांची ऑर्डर एकत्र करतो.

बाकी सगळं पुण्यात मिळतं. तपकीर गल्लीत रेझिस्टन्स, ४०२८, ५९५, बोर्ड, एमपीएसए४२ सुद्धा, एखाद्या दुकानात नसेल तर ते स्वतःच तिसऱ्या दुकानात पाठवतात. शनिवारी दुपारी जाऊ नका. यादी मराठीत बोलत बसण्यापेक्षा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, पन्नासच्या पटीत मागा, पाच-दहा मागितलं की काउंटरवर उभं राहायला लागतं. मुंबईकर असाल तर लॅमिंग्टन रोड. आणि भंगार. बंद पडलेला सीएफएल दिवा फोडा, म्हणजे प्लॅस्टिकचा बुडखा उघडा, काच नाही, आत ४०० व्होल्टचा छोटा कपॅसिटर असतो, बऱ्याचदा ४.७ मायक्रोफॅरड, आपल्याला हवा तोच. फक्त हे कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम डबीत शिजलेले असतात, म्हणून मोजून घ्या, माथा फुगलेला असेल तर फेका. तास आणि मिनिटांच्या मधले दोन ठिपके हवे असतील तर स्विचबोर्डच्या जुन्या इंडिकेटरमधले निऑन दिवे काढा, प्रत्येकाला ३३० के चा रेझिस्टन्स, रंग ट्यूबशी अगदी जुळतो कारण वायू तोच. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मी अजूनही चक्कर मारतो, लॅबमधून काढलेला फ्रिक्वेन्सी काउंटर मिळाला तर ट्यूब आणि सॉकेट दोन्ही एकदम. तसा नशीबवान दिवस फारच क्वचित येतो आणि हल्ली भंगारवाल्याच्या पोराकडे मोबाइल असल्याने तो तिथल्या तिथे किंमत बघतो. ॲडाप्टर विकत घेऊ नका. चार ट्यूब, अडीच मिलिअँप, १८० व्होल्ट म्हणजे पावणेदोन वॉटच्या आसपास, सर्किटचं नुकसान धरून अडीच-तीन वॉट, जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्ट १ अँपचा ॲडाप्टर पडलेला असतोच घरात.

आता १८० व्होल्टची भीती. भीती असावी, पण योग्य गोष्टीची. ४.७ मायक्रोफॅरडमधे १८० व्होल्टला जेमतेम ०.०८ ज्यूल साठतात, सणसणीत चटका बसतो, हात झटक्यात मागे जातो आणि त्या झटक्यात टेबलावरची ट्यूब खाली. माझ्या बाबतीत खरं नुकसान तेच झालंय. कपॅसिटरवर कायमचा १ मेगचा रेझिस्टन्स लावून टाका, बंद केल्यावर पंधरा सेकंदांत रिकामा होतो. चालू बोर्डात मोजताना एकच हात वापरा, दुसरा खिशात, अंगठी काढून ठेवा. खरी भीती बाळगायची ती दुसऱ्याच गोष्टीची, काही व्हिडिओत ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट घरच्या २३० व्होल्टला डायोड लावून निक्सी पेटवतात, त्यात ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि मधे काहीही आडकाठी नसते, चुकून हात लागला तर अख्खी एमएसईबी तुमच्यामागे उभी. ते करू नका, कोणी करत असेल तर त्याच्या घरचं घड्याळ बघायला जाऊ नका.

वेळ कुठून घ्यायची यावर दोन ओळी. जुन्या मासिकातल्या सर्किटमधे लाइटच्या ५० हर्ट्झवर घड्याळ चालवलेलं असतं, युरोपात ते ठीक चालायचं. आपल्याकडे ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात हलत असते, ४९.९ वर तासभर राहिली तर घड्याळ त्या एका तासात सात सेकंद मागे पडतं, शिवाय लाइट गेली की बारा वाजले. डीएस३२३१ ही वेळ राखणारी आयसी, तिचं मॉड्यूल घ्या, खरी असेल तर वर्षाला मिनिटभराच्या आसपास चुकते. पण त्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं आणि आपण त्यात साधा सीआर२०३२ घालतो, जो चार्ज करायचा नसतो. त्या चार्जिंगच्या वाटेतला डायोड किंवा रेझिस्टन्स आधी उचकटून टाका, नाहीतर सेल फुगतो.

शेवटी आकडे मळण्याचं. पेटलेल्या आकड्यावरून धातूचे सूक्ष्म कण सतत उडत असतात आणि शेजारच्या न पेटलेल्या आकड्यांवर बसतात. मिनिटाच्या शेवटच्या ट्यूबवर सगळे आकडे फिरतात म्हणून ती स्वच्छ राहते, पण तासाच्या पहिल्या ट्यूबवर वर्षभर ०, १, २ आणि मागे ३ ते ९ नुसते धूळ खात. म्हणून प्रोग्रॅममधे पहाटे तीन-चारला पाचेक मिनिटं सगळे आकडे भराभर फिरवायची सोय ठेवतात. तुमच्या पहिल्या ट्यूबला तीनच आणि तिसरीला सहाच ट्रान्झिस्टर असल्याने तिथे ते होणार नाही, पण तुमच्याकडे सॉकेट आहे, आयएन-१४ वाल्यांकडे नाही. मी दिवाळीच्या साफसफाईत ट्यूबची जागा एकेक घराने सरकवतो, तासाची मिनिटात, मिनिटाची तासात. मळलेला आकडा रोज पेटायला लागला की हळूहळू आपोआप उजळतो. फारच काळा असेल तर त्याला काही तास थोडा जास्त करंट द्या, तीन-साडेतीन मिलिअँप, आणि लक्ष ठेवा. रात्री अकरा ते सहा घड्याळ विझवून टाका, झोपलेल्या घरात कोण बघतंय.

पावसाळ्यात एक फोन तुम्ही मला करालच म्हणून आत्ताच सांगतो. जुलैमधे अचानक दोन आकडे एकदम अंधुक दिसायला लागले तर आयसी बदलत बसू नका. बोर्डावर सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स राहिलेला असतो, दमट हवेत तो ओल धरतो आणि १८० व्होल्टला तेवढी वाट पुरते. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोर्ड घासून काढा, दोन तास उन्हात नाहीतर पंख्याखाली.

पेटीसाठी मी सागवानाचा तुकडा सुताराकडून पोखरून घेतला आणि वरचा पत्रा कसब्यातल्या तांबट आळीतून, मठारकाम केलेला तांब्याचा. मठारलेल्या तांब्यावर केशरी उजेड पडला की प्रत्येक खळगीत वेगळा चमकतो. ट्यूबखाली निळे एलईडी मात्र लावू नका, किटवाले फुकट देतात तरी लावू नका. आणि पत्रा धातूचा असल्याने तो जमिनीला जोडा, भोकं ट्यूबपेक्षा दोन मिलीमीटर मोठी ठेवा, कडेला रबराची कडी घाला. भोकं पाडायच्या आधी चारही ट्यूब कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवा, आयएन-१२ गोल नाही, लांबट आहे, आणि माझ्या पहिल्या पत्र्याला चार सुंदर गोल भोकं आहेत. त्यात सध्या उदबत्त्या लावतो.